बारा कांड्यांची चांदणी

अष्टमी, रोहा
३० ऑक्टोबर २०२५

चि. नमिता,

अष्टमीहून तुझ्या दिघेबाईंचा आशीर्वाद. अक्षर ओळखलंस का? फळ्यावर यायचं तेवढं सरळ आता येत नाही, पण माझंच आहे.

चार वर्षांत एक ओळ नाही आणि आज एकदम पत्र, वर खोकं. फोन का नाही केला म्हणशील. माझे कान गेले, बाळा. यंत्र लावलं की समोरच्याचं थोडंफार कळतं, उरलेलं ओठांवरून जुळवते. पण फोनमध्ये नुसती करकर येते. आणि मोबाईलवर टाईप करणं मला जमत नाही, खरं सांगायचं तर आवडत नाही. तेव्हा आपलं पत्रच. आपल्या शाळेचा हितेश रोज सकाळच्या गाडीने पेणला कामाला जातो, तोच आपला पोस्टमन.

आता खोक्याचं. आमच्या ह्यांना सुतारकामाचा नाद होता हे तुला आठवत असेल. पोस्टातून रिटायर झाल्यावर त्यांनी सागाच्या बारा कांड्या घेऊन एक चांदणी केली होती. सोललेल्या नारळाएवढी, सगळीकडून टोकं आलेली, खिळा नाही की सरस नाही. एका कांडीने दुसरीला धरलेलं, दुसरीने तिसरीला. ती शोकेसमध्ये होती. हे जाऊन सहा वर्षं झाली, मी ती नुसती पुसायचे.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी माझ्या नातीने, सावनीने, ती हातात घेतली आणि दोन्हीकडून ओढली. क्षणात बारा कांड्या जमिनीवर! पोरगी रडायला लागली. शौनक, म्हणजे माझा मुलगा, इंजिनीअर आहे. दोन तास खटपट करून म्हणाला, "आई, फेविकॉल लावून काहीतरी आकार करून ठेवू या." मी त्याला जेवायला वाढलं आणि विषय बंद केला.

मग मी बसले. पस्तीस वर्षं भूमिती शिकवली आहे मी! नऊ दिवस झाले, मला जमत नाही. हे तुलाच सांगते आहे, दुसऱ्या कोणाला नाही. ह्यांनी कुठे काही लिहून ठेवलेलं नाही. माझ्या सगळ्या वर्गांत आकृती न काढता प्रमेय सांगणारी एकच मुलगी होती. म्हणून तुझ्याकडे पाठवते आहे. जमेल तुला.

तुझी,
दिघेबाई


पेण
९ नोव्हेंबर २०२५

आदरणीय बाई,

नमस्कार. हितेशदादाने खोकं कारखान्यात आणून दिलं, तेव्हा मी माघी गणपतीच्या मूर्तींत बुडाले होते. हात पुसून आधी पत्र वाचलं. तुमचं अक्षर बघून उठून उभीच राहणार होते.

मी इथे पेणमध्ये गणपतीच्या कारखान्यात आखणी करते, म्हणजे मूर्तीचे डोळे काढते. कॉलेज सोडल्यापासून तेच. हात चांगला आहे म्हणतात.

चांदणी मी रोज घरी नेते. आठ कांड्या उभ्या राहतात, नववीला जागाच नाही. नववी बसवली तर पाचवी पडते. सगळ्या दिसायला बहिणी-बहिणी, पण प्रत्येकीच्या खाचा निराळ्या. एकदा दहापर्यंत गेले आणि सगळं हातात ढासळलं.

पहिल्या दिवशी आई आगरातून आली. मिठागरात सध्या बांध नीट करायचं आणि तळ तुडवायचं काम चालू आहे. तिने पसारा बघितला आणि म्हणाली, "काय गो नमे, चुलीला ढलप्या आनल्यास काय?" मी म्हटलं, आमच्या बाईंच्या आहेत. कोणत्या बाई ते विचारलं. सांगितलं. मग पाय धुवायला मागच्या दारी गेली.

मी अजून सोडलेलं नाही. पण बाई, तुम्ही माझ्यावर जास्तच भरवसा ठेवलात असं वाटतं.

तुमची,
नमिता म्हात्रे


अष्टमी
१४ नोव्हेंबर २०२५

चि. नमिता,

आठ म्हणजे माझ्याहून एक जास्त. मी सातावरच अडकले होते.

एक सुचवते. प्रत्येक कांडीला पेन्सिलीने नंबर दे आणि कोणती कोणाशेजारी बसते याचा तक्ता कर. मी केला होता, सोबत पाठवते. त्यात कुठेतरी चूक असणार, कारण त्या तक्त्याप्रमाणे चांदणी होऊच शकत नाही. आणि ती तर होती, मी तीस हजार वेळा पुसली आहे!

आणखी एक. येत्या २२ डिसेंबरला शाळेत गणित दिवस आहे. मुख्याध्यापकांनी मला काहीतरी दाखवा म्हणून गळ घातली आहे. माझ्या मनात होतं, ही चांदणी मुलांपुढे ठेवावी. सुटी कांडी कांडी ठेवली तर काय दाखवणार?

घाई नाही असं म्हणायला हवं. पण घाई आहे.

दिघेबाई


पेण
२३ नोव्हेंबर २०२५

आदरणीय बाई,

झाली! चांदणी झाली!

काल संध्याकाळी झाली आणि आज सकाळी परत सोडवून परत केली, म्हणजे नशिबाने झालेली नाही. फोटो काढून घेतलाय, हितेशदादाच्या मोबाईलवर बघा.

तुमचा तक्ता चुकीचा नव्हता, बाई. आपण दोघी एकेक कांडी घालत होतो तिथेच चुकत होतो. ती एकेक करून होतच नाही. सहा कांड्यांचा एक अर्धा करायचा, उरलेल्या सहांचा दुसरा अर्धा. दोन्ही अर्धे आपापले उभे राहत नाहीत, धरून ठेवावे लागतात. मग समोरासमोर आणून जरा तिरके ठेवून एकमेकांत सरकवायचे. सगळ्या बारा कांड्या एकाच वेळी हलतात. दोन हातांचं काम नाही, चार हात लागतात.

आणि कोणती कांडी कोणत्या अर्ध्यात, ते लाकडावरूनच कळतं. काकांनी करताना ती शंभरदा तरी उघडमीट केली असणार. जिथे लाकडावरून लाकूड सरकतं ती बाजू गुळगुळीत झाली आहे. जिथे नुसतं टेकतं ती खरबरीत. बोटांनी कळत नाही तेव्हा कांडी गालाला लावून बघायची. गालाला लगेच समजतं.

इतका आनंद झाला की घरात शेव-पोहे केले. चांदणी फडताळात वर ठेवली आहे, कोणाला हात लावू देत नाही.

तुमची,
नमिता


अष्टमी
२६ नोव्हेंबर २०२५

माझ्या गुणी मुली,

फोटो बघून मी हितेशला दारातच लाडू भरवला. शाबास! गालाला लावून! हे तुला कसं सुचलं गं? मी इतकी वर्षं आकृत्या डोळ्यांनी बघत आले, गालाने बघायचं माझ्या सात पिढ्यांना सुचलं नसतं.

चार हात लागतात हे वाचलं आणि मला एक आठवलं. हे व्हरांड्यात बसून करत होते, तेव्हा एकदा आत हाक मारली होती, "पद्मजा, जरा येऊन धर गं." मी सहामाहीच्या वह्या तपासत होते. "नंतर," म्हटलं. नंतर काही त्यांनी बोलावलं नाही. गुडघ्यांत धरून केलं असणार. असो.

आता ऐक. मी मुख्याध्यापकांना सांगून आले आहे. २२ तारखेला मंचावर चांदणी तू जोडायचीस, सगळ्या शाळेसमोर. अलिबागच्या कॉलेजातले गणिताचे प्राध्यापक सुजय प्रधान येणार आहेत, ते स्वतः कांड्या मिसळून देतील. पत्रिकेत तुझं नाव घालायला सांगितलं आहे. तू कॉलेज सोडलंस तेव्हा घरची अडचण असेल म्हणून मी विचारलं नाही. पण तुझं डोकं वाया गेलेलं नाही हे लोकांना दिसू दे. मलाही मिरवू दे थोडं.

होकार लगेच कळव.

दिघेबाई


पेण
५ डिसेंबर २०२५

आदरणीय बाई,

दोनदा हितेशदादा रिकाम्या हाताने परत गेला. काल तो म्हणाला, "बाई वाट बघतात, काहीतरी दे." म्हणून लिहिते. हे पत्र वाचून तुम्ही रागावलात तरी चालेल.

चांदणी मी जोडलेली नाही. आईने जोडली.

मी मागच्या पत्रात कुठेही "मी केली" असं लिहिलेलं नाही, तुम्ही परत वाचून बघा. पण हे काही खरं बोलणं नाही, मला कळतं. तुम्ही "शाबास" लिहिलंत आणि मला ते परत देववेना. चार वर्षांत मला कोणी शाबास म्हटलं नव्हतं, बाई. घरची अडचण वगैरे काही नव्हती. मी पहिल्या वर्षाला गणितात नापास झाले. तुमची नमिता, गणितात! मग मी परत गेलेच नाही.

आईचं असं झालं. दहा-बारा दिवस ती नुसती बघत होती. एका रविवारी मी वैतागून कांड्या ढकलून दिल्या, तर ती खाली बसली, एक उचलली आणि गालाला लावली. मिठाच्या पाण्याने तिच्या बोटांची कातडी जाड झाली आहे, बोटांना बारीक कळत नाही. म्हणून गाल. माझी बोटं मऊ आहेत, मला गालाची काय गरज? "ही घासल्याली, ही नाय," म्हणत तिने दोन ढीग केले. आगराच्या उघाडीला, म्हणजे खाडीचं पाणी आत-बाहेर सोडायच्या दाराला, फळ्या असतात. कोणती आधी, कोणती मागून, ते आई घासलेल्या कडेवरून ओळखते. तीस वर्षं तेच करते आहे. सहा दिवस रोज आगरातून आल्यावर बसायची. शेवटी मला म्हणाली, "धर गो हा अर्धा. दाबू नको." आणि झाली.

मी तिला म्हटलं, आई, बाईंना कळवते तू केलीस. तर म्हणाली, "माझं नाव नको सांगू त्यांना."

का म्हणून विचारलं, तेव्हा तिने सांगितलं. मला हे माहीत नव्हतं. मी नववीत अष्टमीला मामाकडे राहायचे, तेव्हा पालक सभेला आई आमच्या गावाहून दोन एसटी बदलून आली होती. बाबा मालवाहू बार्जवर कामाला होते. मला कुठल्या प्रमेयात कमी मार्क पडले ते तिने तुम्हाला विचारलं. तुम्ही म्हणालात, "तुम्हाला यातलं काय कळणार? मामांना पाठवा." बाजूच्या बायका हसल्या. आई परत कधी शाळेत आली नाही. मला वाटायचं तिला सुट्टी मिळत नाही.

पत्रिकेतलं माझं नाव काढा.

नमिता


अष्टमी
८ डिसेंबर २०२५

सीताबाई म्हात्रे यांना पद्मजा दिघे यांचा नमस्कार.

नमिता, हे पत्र आईंना मोठ्याने वाचून दाखव. मधलं काही गाळू नकोस.

सीताबाई, नमिताने लिहिलं ते मला आठवत नाही. मी तीन दिवस आठवून बघितलं. पण ते खरं आहे याबद्दल मला शंका नाही, कारण तसं मी बोलायचे. एकट्या तुम्हालाच बोलले असं नाही. तुम्ही दोन एसटी बदलून आलात, लेकीचं प्रमेय समजून घ्यायला. इतके पालक यायचे, ते मार्क विचारायचे. प्रमेय विचारणाऱ्या एकट्या तुम्ही. आणि मी तुम्हालाच परत पाठवलं. मी चुकले. माफी मागते.

मला जे नऊ दिवसांत जमलं नाही ते तुम्ही केलंत. मला ते तुमच्याकडून शिकायचं आहे. २२ तारखेला शाळेत या. मुलांना दाखवा. यायचं नसेल तर माझा आग्रह नाही, तो हक्क मला नाही. मग चांदणी तुमच्याच घरी राहू दे. जिला ती कळली तिच्याकडे असलेली बरी.

नमिता, तुला वेगळं लिहीन. तुझ्यावर रागावलेली नाही. अक्षरावरून मुलांचं खोटं ओळखते म्हणून मी फुशारकी मारायचे, ती एकदाची जिरली.

पद्मजा दिघे


पेण
१५ डिसेंबर २०२५

आदरणीय बाई,

आईला पत्र वाचून दाखवलं. ऐकताना ती तांदूळ निवडत होती. पूर्ण झाल्यावर म्हणाली, "पुन्ना वाच." पुन्हा वाचलं. मग सूप उचलून आत गेली.

मी विचारलं नाही. चौथ्या दिवशी सकाळी आगरात निघताना दारातून म्हणाली, "कळव त्यांना, येते." आणि तिच्या अटी सांगितल्या, त्या जशाच्या तशा लिहिते.

नाव घालायचं तर सीताबाई म्हात्रे घालायचं. नमिताची आई असं नको.

खुर्ची-टेबलावर तिला जमणार नाही. खाली चटई हवी.

आणि कोणी मधे बोलायचं नाही.

आता अडचण माझी आहे. २२ तारखेलाच कारखान्यातून माघीच्या मूर्तींची गाडी भरायची आहे, मला सुट्टी मिळत नाही. मी म्हटलं, आई, मी नाही आले तर रोह्याला एकटी कशी जाशील आणि दुसरा अर्धा कोण धरेल? तर म्हणाली, "गाडी रोह्याला थांबते ना? मग. न् दुसरा अर्धा बाई धरतील."

बाई, तुम्ही धराल ना? आणि तिला न्यायला स्टेशनवर कोणीतरी पाठवा.

नमिता


अष्टमी
२३ डिसेंबर २०२५

चि. नमिता,

काल आई घरी येऊन तुला काय म्हणाल्या असतील ते मी सांगू शकते. "झालं," एवढंच. म्हणून बाकीचं मी लिहिते.

स्टेशनवर मी कोणाला पाठवलं नाही, स्वतः गेले. जांभळी नऊवारी, कापडी पिशवी छातीशी धरलेली. मला बघून थांबल्या. मी हात जोडले, त्यांनीही जोडले. रिक्षातही पिशवी त्यांनी छातीशीच धरली होती.

हॉल भरलेला होता. चारशे मुलं, वर पालक. प्रधान सर आधी बोलले. बारा तुकडे किती कोटी तऱ्हांनी मांडता येतात, संगणकाला किती वेळ लागेल, असं सगळं. मग त्यांनी कांड्या एका टोपलीत घालून खळखळून हलवल्या आणि चटईवर ओतल्या. आई बसल्या. पदर खोचला.

पहिली कांडी गालाला लावली आणि पुढच्या रांगेतली दोन मुलं फिदीफिदी हसली. मुख्याध्यापक उठणार, तोच आईंनी वर बघितलं. म्हणाल्या, "हसा. पन बगा." मुलं एकदम चूप. त्यानंतर हॉलमध्ये कोणी हललं नाही. मला ऐकू येत नाही, पण शांतता दिसते.

दोन ढीग झाले. एक अर्धा मांडीत उभा राहिला. "बाई, या," म्हणाल्या. माझे गुडघे तुला माहीत आहेत. तरी बसले खाली. त्यांनी दुसरा अर्धा माझ्या ओंजळीत बांधला, कांडी कांडी करून, आणि माझी बोटं धरून जिथल्या तिथे लावली. "धरा नुसती. दाबू नका." समोरासमोर आणलं, तिरकं केलं, सरकवायला गेलो आणि सगळं ढासळलं. बाराच्या बारा कांड्या चटईवर.

मला वाटलं माझ्याच हातून चुकलं. प्रधान सरांनी घड्याळ बघितलं. मुख्याध्यापक हळूच माईककडे निघाले, आभार मानून मोकळे व्हायला. मी आईंकडे बघितलं तर त्या वर बघतच नव्हत्या. एक हात उंच केला आणि म्हणाल्या, "थांबा." मुख्याध्यापक थांबले! पस्तीस वर्षांत मी तिथल्या कुठल्या मुख्याध्यापकाला असं थांबवू शकले नव्हते.

पुन्हा सगळ्या कांड्या गालाला लावल्या. एका-एकीला वेळ देऊन. चौथी आणि अकरावी हातात घेऊन थबकल्या, मान हलवली आणि दोघींची अदलाबदल केली. पुन्हा माझी ओंजळ. पुन्हा समोरासमोर. बारा कांड्या एकदम हलल्या, जणू मूठ मिटत होती. आणि खट्! मला तो आवाज ऐकू आला नाही, तळहाताला कळला.

मग टाळ्या. मुलं बाकांवर उभी राहिली. प्रधान सर चटईवर येऊन बसले, अगदी पॅंटची इस्त्री वगैरे विसरून, आणि विचारलं, "तुम्हाला क्रम कसा कळला?" आई म्हणाल्या, "लाकूड सांगतं. तुमी इचारत नाय." सरांनी वही काढून ते लिहून घेतलं.

मी उठून माईककडे जाणार होते. नववीच्या पालक सभेत मी काय बोलले ते सगळ्यांसमोर सांगायचं, असं घरून ठरवून आले होते. आईंनी माझा पदर धरला. "ते ऱ्हाऊ द्या," म्हणाल्या. आणि दोन्ही हातांनी ओढून चांदणी पुन्हा मोकळी केली! सगळा हॉल "आऽऽ" करून ओरडला असणार, सगळ्यांची तोंडं उघडी दिसली. बारा कांड्या माझ्यापुढे सरकवून म्हणाल्या, "आता तुमी करा."

मी म्हटलं, "मला नाही कळणार, सीताबाई."

"कळंल, बाई. घाय नाय."

चाळीस मिनिटं लागली गं मला. मधली सुट्टी झाली, संपली, मुलं जागची हलली नाहीत. मी कांड्या गालाला लावत होते, चुकत होते. आई एकदाही "असं नाही" म्हणाल्या नाहीत, नुसती कांडी परत माझ्या हातात द्यायच्या. शेवटी त्यांनी एक अर्धा धरला, मी दुसरा. झाली! चौसष्टाव्या वर्षी मी मुलांसमोर लहान मुलीसारखी ओरडले. मुलांनी आधी आईंच्या नावाने आरोळी दिली, मग माझ्या. बरोबर क्रमाने.

जेवण माझ्याकडे झालं. चांदणी आईंनी घ्यावी म्हणून मी खूप म्हटलं. म्हणाल्या, "साळंत ठेवा. पन कपाटात नको." सहावीच्या वर्गात ठेवली आहे, ज्याला वाटेल त्याने उघडावी. आज सकाळी निरोप आला की सुटी पडली आहे आणि तीन मुली तिच्याभोवती बसल्या आहेत.

आणि तू. नापास म्हणजे एका वर्षी एका पेपरात नापास. याहून जास्त त्याचा अर्थ नाही. हा विषय मी पुन्हा काढणार आहे, तयारीत राहा.

एकच विचारायचं राहिलं. चांदणी जुळत असताना आईंचे हात थरथरत होते. इतक्या लोकांत मी त्यांना बसवलं, घाबरल्या का गं? विचारून सांग.

दिघेबाई


धरमतर खाडीकडचं घर, ता. पेण
३० डिसेंबर २०२५

(आई सांगते आहे तसं लिहिते. मी एकही शब्द बदललेला नाही. — नमिता)

दिघेबाईंना सीताबाईचा नमस्कार.

तुमचं पत्र नमीनं वाचलं. सगलं बरोबर लिवलंय. फक्त मी "झालं" नाय म्हनले, "भूक लागली" म्हनले. जेवले तुमच्याकडं, पन गाडीत परत लागली.

दुसऱ्या दिवशी आगरात बायांना कोनी सांगितलं कोन जाने. बायजा मना म्हनते, "काय गो, तू रोह्याला भाशन केलंस?" मी म्हनले, भाशन नाय, काम केलं. तर सगल्या म्हनतात आमालाबी दाखव. नमीच्या बापसाला बारा कांड्या कापायला सांगितल्यान. तो म्हनतो बार्जवरून आल्यावर कापीन. बगू.

नमी पुन्ना परीक्षेला बसते म्हनते. मी तिला बस म्हनले नाय, नको म्हनले नाय. तुमी तिला शिकवा. तिला एकदा नाय जमलं तर लगेच हातातलं घेऊ नका. मी घेतलं नव्हतं तुमच्या.

मना त्या साळंत परत बोलावलंय, मुख्याध्यापकांची चिठ्ठी आली. येईन. पन आता मीठ धरायला लागलंय, आगर सोडून यायचं नाय. मीठ उतरल्यावर येईन. तोवर पोरांनी आपली आपन करावी.

आता तुमी इचारलं ते. माझं हात कापत व्हतं, खरं हाय. पन बाई, मी घाबरले नव्हते. त्या साळंत मी पयल्यांदा आले तवा सगल्यांनी मना बगितलं न् मी जमिनीकडं बगत भायेर गेले. पार एसटी येईपर्यंत मान वर केली नाय. आता चारशे पोरं बगत व्हती, साहेब बगत व्हते, तुमी बगत व्हता, न् मी सगल्यांकडं बगत व्हते. तेवढं अंगात माईना झालं, म्हनून हात कापले.

सीताबाई म्हात्रे
(सही तिने स्वतः केली आहे. चार दिवस वहीत गिरवत होती.)